पाटाची सवत

गावात पहिला दिवा लागायच्या आधीची ही गोष्ट. आमचा पाट तेव्हा गाळाने बुजून गेला होता, त्यात बाभळी उगवल्या होत्या. राणोजी पाटकऱ्याने तो एकट्याने उपसायला घेतला. बारा वर्षं त्याने हातातलं फावडं खाली ठेवलं नाही, असं म्हणतात.

जेवायलाही तो घरी जात नसे. त्याची बायको ठकूबाई भाकरी घेऊन काठावर यायची, नवऱ्याची नुसती पाठ बघायची आणि परत फिरायची. पाटाला ती सवत म्हणायची. जाता-येता शिव्या घालायची. जळायची बिचारी, आणि का जळू नये?

शेवटी पाटाला पाणी आलं. आता गाव नारळ घेऊन येईल म्हणून राणोजी वाट बघत उभा राहिला. पण त्याच आठवड्यात पाटावर विजेचा मनोरा उभा राहिला होता, दोन पाय या काठावर, दोन त्या काठावर. दिवे लागणार होते लांबच्या शहरात, तरी नारळ फुटले मनोऱ्यापुढे, हारही त्यालाच. सगळ्यांच्या माना वर. पाण्याकडे कुणी वाकूनसुद्धा बघितलं नाही. राणोजीचा नुसता जळफळाट झाला.

ठकूबाई हसली. “आता तुमच्या पाटाला सवत आली. बगा कसं वाटतंय ते!”

ते त्याला फार झोंबलं. मनोरा पाडायचाच म्हणून त्याने त्याच्या पायाशी पाटाचा काठ फोडला. पण भगदाड रुंदावत गेलं, काठ ढासळू लागला आणि बारा वर्षांची मेहनत भर दुपारी ओढ्याकडे वाहून चालली. त्याला ते पाणी आवरेना.

तेव्हा ठकूबाई पदर खोचून भगदाडात आडवी पडली. “सवत माजी हाय! तिला काय करायचं ते म्या करीन, तुमी न्हाई!”

पाणी तिच्या पाठीला टेकून थांबलं, तारांची गुणगुणसुद्धा थांबली, असं म्हणतात. गावाने धावत येऊन माती टाकली. चिखलाने माखलेली ठकूबाई उठली आणि नवऱ्याला म्हणाली, “आता तरी जेवाया चला.” तो फावडं खाली ठेवून तिच्यामागे गेला.

मनोऱ्याला आम्ही अजून ‘पाटाची सवत’ म्हणतो. आणि दर वर्षी पाणी सोडायच्या दिवशी पाटकरी, मग तो कुणीही असो, आधी घरी जाऊन बायकोला विचारतो, “तुज्या सवतीकडं जाऊ का?” ती “जावा” म्हणेपर्यंत पाटाचं दार उचलत नाहीत. एखादी मुद्दाम वेळ लावते, आणि सगळा गाव काठावर ताटकळत उभा राहतो.