तीन तासांची बैठक

"बैठक वाढवली तर गळती थांबेल का, बाबा?"

भीमगीर बाबा मठाच्या ओसरीवर मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदयाची झडप नीट मिटत नाही. पुढे गेलेलं रक्त मागे येतं." रंगनाथ खरातांनी तपासण्यांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "गोळ्यांनी सूज उतरेल, धाप कमी होईल, झडप काही मिटणार नाही. महिन्याभरात ऑपरेशन केलं तर माझीच झडप शिवून भागेल. उशीर झाला तर हृदय पसरेल, मग..."

ते थांबले. पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली.

"मी तीन तासांचे चार करतो, बाबा."

रंगनाथांच्या बैठकीचं मठात नाव होतं. पहाटे नाम घेत बसले की तीन तास हलत नसत. नव्या माणसाला ते स्वतःच सांगत.

बाबांनी हात पुसला. रंगनाथांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"पाणी काढायची गोळी कधी घेतलीस?"

रंगनाथांनी पाय मागे ओढून घेतला.

"रंगा."

"तीन आठवडे झाले. ती घेतली की सारखं लघवीला उठावं लागतं. बैठक मोडते. लोक बघतात."

"लोक डोळे उघडे ठेवून बसतात होय?"

रंगनाथ हसले नाहीत. बाबांनी तांब्या पुढे केला आणि पिशवीतली गोळी घशाखाली उतरेपर्यंत नजर हलवली नाही. मग जुडीतला अर्धा वाटा त्यांच्यापुढे सरकवला.

अर्ध्या तासाने रंगनाथ उठले. जाऊन आले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. परत येताना खांबाला धरून दम घेतला.

"आज मेथीसुद्धा धड होणार नाही माझ्याच्याने."

"होईल तेवढी कर." बाबांनी त्यांच्यासाठी जागा केली. "कापण्याला भितोस?"

"नाही."

"मरणाला?"

"त्यालाही नाही..." रंगनाथ बसले नाहीत. "हृदय थांबवतात, बाबा. रक्त यंत्रातून फिरवतात. मी बेशुद्ध. तसाच गेलो तर ओठांवर नाम नसेल. तीस वर्षं बसलो ते त्या एका घडीसाठी."

बाबांच्या हातातली काडी हातातच राहिली.

"तेवढा वेळ नाम कोण घेईल, सांगा ना."

बाबांनी काडी खाली ठेवली.

"रोज रात्री झोपतोस रे, तेव्हा कोण घेतं?"