नदीकाठची ओ

माणूस कुंपण घालायला शिकला, त्याच्याही आधीची गोष्ट. तित्तिरांची दोन रानं होती, एक माळावरचं आणि एक नदीकाठचं. म्हातारी करकोची दर हिवाळ्यात दोन्हीकडे उतरायची. पहाटे एका टोकाचा तित्तिर साद घालायचा, दुसऱ्या टोकाचा त्याचा भाऊ ओ द्यायचा. ते ऐकलं की तिला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

मग दोन्ही रानांत एकच भांडण पेटलं. वेचलेलं धान्य सगळ्यांच्या राशीत घालायचं, की ज्याचं त्याने ठेवायचं? मधोमध काटेरी कुंपणं पडली. एका बाजूच्या मदतीला लांबून लांडगे आले, दुसरीच्या कोल्हे. मेले मात्र तित्तिरच.

माळावर कोणीच जिंकलं नाही, कुंपण तसंच राहिलं. नदीकाठी एक बाजू जिंकली आणि कुंपण निघालं.

"म्हणजे नदीकाठचं बरं झालं, आजी," करकोचीची नात म्हणाली.

करकोची तिला आधी माळावर घेऊन गेली. साद आली, कुंपणापलीकडून ओ आली. भाऊ काही एकमेकांना दिसले नाहीत. मग दोघी नदीकाठी उतरल्या. तिथे एक म्हातारा तित्तिर मोकळ्या रानभर साद घालत फिरत होता. त्याचा भाऊ हरलेल्या बाजूचा होता. दर सादेनंतर तो थांबायचा आणि कान द्यायचा.

शेवटी करकोचीला राहवेना. आपल्या घोगऱ्या आवाजात तिनेच ओ दिली.