पाच दारांची झोळी

"मग शहर बुडवलं कुणी, माई? मी, का त्या बँकांनी?"

माई झोळीचा उसवलेला कोपरा शिवत होत्या. दोरा दातानं तोडला.

"तू सांग. अध्यक्ष तू आहेस."

विश्वंभर नगराध्यक्ष होता. लहानपणी याच मठात, माईंनी मागून आणलेल्या तुकड्यांवर वाढला, शिकला. आज गाडीतून आला होता आणि चपला न काढताच पायरीवर बसला होता.

"मोठी बँक आपल्या पायांनी चालत आली, माई. शाल घातली, नारळ दिला. म्हणाली, एवढं मोठं शहर आणि साधं कारंजं नाही? पैसे आम्ही देतो. आम्ही घेतले. कारंजी केली, काचेची नगरपालिका बांधली. तिच्यामागून आणखी दोन बँका आल्या. मग कुठला रस्ता आधी, कुठला कर किती, तेही त्याच सांगायला लागल्या…"

"आणि तुम्ही?"

"माना हलवल्या."

"खांद्यावर शाल असली की मान हलकी होते."

विश्वंभरला ते झोंबलं. पण ज्या हातांनी घास भरवला त्यांना उलटून काय बोलणार?

"आता तिजोरीत खडखडाट आहे. झाडूवाल्यांचा पगार थकलाय. बँक म्हणते, दिवाळं जाहीर करा, नाहीतर पाण्याची टाकी आमच्या नावावर करा. मग सगळं कर्ज माफ. पाणी ते विकणार, भाव ते ठरवणार. संध्याकाळी सही आहे… करू?"

माई उठल्या. झोळी त्याच्या खांद्यावर टाकली.

"भिक्षेची वेळ झाली. माझे गुडघे आज नाही म्हणतात. नियम आठवतो?"

"पाच दारं. दर दारी घासभर. तेवढ्यात भागवायचं."

"जा."

झोळी घेऊन अध्यक्ष निघाला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

लगेच परतही आला. झोळी टम्म फुगलेली.

"माई, फिरावंच लागलं नाही! वळणावरच्या बंगल्यात बँकेचे साहेब उतरलेत. मला बघून हसले. पुऱ्या, जिलब्या, लाडू… पहिल्याच दारात झोळी भरली. चार दारं वाचली!"

"वाढताना काय म्हणाले?"

"म्हणाले, रोज इथंच या. दुसरं दार कशाला हवं?"

"आणखी?"

"…संध्याकाळी वेळेवर या."

माईंनी झोळी गाईपुढं उलटी केली. गाय खूश झाली. तेवढी एकटीच.

"परत जा."

या खेपेला तो बंगल्यावरून मान खाली घालून पुढं गेला. एका दारातला म्हातारा खेकसला, "आधी गल्लीत दिवे लाव, मग भीक माग!" तरी अर्धी पोळी टाकलीच. मग झाडूवाल्यांची आळी आली. झाडूवाली पार्बता आपल्या उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याला खालून वर पाहिलं.

"अध्यक्षसाहेब? आमचा पगार खाऊन पोट भरलं न्हाई वाटतं?"

त्यानं झोळी तशीच पुढं धरली. पार्बता तणतणत आत गेली. झाडू आणायला गेली, असंच त्याला वाटलं.

ती चतकोर भाकरी घेऊन आली. वर मिरचीचा ठेचा. दुसऱ्या हातात तांब्या.

"घ्या. आन् पानी प्या आधी, उन्हाचं आलाय. आपल्या टाकीचं हाय. तेवढं तरी आपलं ऱ्हायलंय."

त्यानं तांब्या तोंडाला लावला. थेंबही न सांडता सगळा रिकामा केला.

पाच दारं करून तो मठात परतला. चपला पायरीखाली काढल्या. झोळीत मूठभर तुकडे होते, कुणाच्या घरचे कुठले ते कळेनासे झालेले. दोघांनी ते वाटून खाल्ले. ठेचा तिखट होता. पण डोळ्यांतलं पाणी ठेच्याचं नव्हतं.

"उपकार झाले, माई." तो पायांवर वाकला.

माईंनी पाय आखडून घेतले.

"मी वाढलं का तुला?"

विश्वंभर थांबला. मग शहराकडं वळला आणि तिथंच मातीला डोकं टेकलं. बराच वेळ…

गाडीत फोन वाजत होता. त्यानं तो वाजू दिला.

"सहीचं काहीतरी विचारत होतास."

"संध्याकाळी आळीत जातो, माई. टाकी लिहून देणार नाही, एवढं सांगतो. पगाराचं काय, तेही तोंडावर ऐकून घेतो. नंतर घरोघर जाईन. शिव्या देतील."

"देतील."

"दारं लावून घेतील."

"काही घेतील."

"मग, माई…?"

माईंनी रिकामी झोळी त्याच्या हातात दिली.

"धुऊन वाळत घाल. उद्या कोरडी लागेल."