धाकटी जाऊ पुढच्या रांगेत

"तिला का, मास्तर? मला का नाही?"

ऋजुताने अखेर विचारलंच. वर्ग सुटला होता. बाकीच्या बायका बूट बदलून जिना उतरल्या होत्या. चर्चमागच्या त्या लांबलचक हॉलात ती आणि इनास मास्तर दोघंच उरले होते.

मास्तर स्पीकरची वायर गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय तिला?"

"नाताळच्या कार्यक्रमातला सोलो. मधला तुकडा एकटीने नाचायचा, तो तुम्ही नयनाला दिलात."

"हो. दिला."

झालं! एवढंच उत्तर.

आता ही नयना कोण, तर ऋजुताची धाकटी जाऊ. आणि ऋजुता कोण, तर वसईतल्या वर्तकांची थोरली सून. लहानपणापासून कथक केलेली, विशारद झालेली. घुंगरू बांधून उभी राहिली की माणसं खुर्चीत सावरून बसायची. जॅझ नाच शिकायची हौस हिचीच. एकटीने कुठे जायचं, सोबत असलेली बरी, म्हणून हिनेच नयनाला हाताला धरून वर्गात आणलं. नयना जन्मात कधी नाचली असेल तर गणपतीच्या मिरवणुकीत, तेही शेवटच्या चार बायकांत.

बरं, आणली ती आणली. कोपऱ्यात उभी राहील, चुकेल, हसेल, असा ऋजुताचा अंदाज. चुकत होती की! हसतही होती. पण ती नाचायला लागली की मास्तरांची मान आपोआप डोलायची. ऋजुतासाठी ती मान कधी हलली नाही. तेच तिच्या डोळ्यांत सलत होतं.

"तिला अजून डावं-उजवं कळत नाही, मास्तर. घरी पोळ्या लाटता लाटता मी तिला पावलं शिकवते. मी!"

"ठाऊक आहे. तीच सांगत होती."

सांगत होती म्हणे! ऋजुताच्या अंगाची लाही लाही झाली. नयनाने ते लपवून ठेवलं असतं तर निदान तिला नावं ठेवता आली असती. या बाईचा तेवढाही उपयोग नाही.

"सगळं घर येणार आहे कार्यक्रमाला," ती म्हणाली. "सासूबाई येणार. माझ्या कथकच्या मैत्रिणी येणार. त्यांच्यासमोर ही मध्ये नाचणार आणि मी मागच्या रांगेत हात हलवणार? लोक हसतील मला. मला तो तुकडा हवाय, मास्तर. तो मिळाला नाही तर मी उद्यापासून येत नाही."

मास्तरांनी वायर खाली ठेवली.

"नाच."

"गाणं?"

"नको."

त्यांनी उजवा हात वर केला आणि चुटकी वाजवली.

मास्तरांची ही पद्धतच. तोंडाने कधी आकडे मोजत नसत. चार मात्रांतल्या दुसरीवर आणि चौथीवर फक्त चुटकी. बाकीच्या दोन ज्याच्या त्याने शोधायच्या.

ऋजुता नाचली. काय बिशाद एक पाऊल चुकेल! हात नेमका, नजर नेमकी, गिरकी तर बघत राहावी अशी. फक्त पहिली मात्रा आली की तिची टाच दाणकन पडे. कथकात समेवर यावं तशी ती येई. आले बघा, पोचले! मग चुटकी वाजे तेव्हा ती ताठ उभी असे, पुढची सम कधी येते याची वाट बघत.

"थांब."

"चुकलं?"

"नाही."

"मग?"

"पोचलीस."

"अहो, मग पोचायला नको?"

मास्तरांनी खिडकीतून खाली पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं...

"नयना कशी नाचते?"

"मला काय माहीत!"

"माहीत नाही?"

ऋजुताचा चेहरा तापला. माहीत नसायला काय झालं? वर्ग सुरू झाल्यापासून आरशात तिने स्वतःकडे पाहिलं असेल त्याच्या दुप्पट नयनाकडे पाहिलं होतं. तिचं एकेक हलणं तिला पाठ झालं होतं. डोळे मिटले तरी दिसायचं.

"दाखवू? थांबा, दाखवतेच."

तिने ओढणी कमरेला खोचली. मास्तरांनी हात वर केला. चुटकी...

"ही अशी येते बाई. आधी खांदा, मग मागून सावकाश ती स्वतः. गुडघे बघा, ढिले, फरशी पुसायला बसल्यासारखे. मान ही अशी. आणि हात? हात तर दोरीवरचे कपडे ओढल्यासारखे! पाऊल विसरली की असा ओठ चावते, मग अशी हसते. हसू कसलं येतं मेलीला!"

चुटकी... चुटकी...

ऋजुताला आता चेव चढला होता. इतके दिवस मनात साठलेलं सगळं ती बाहेर काढत होती. नयनासारखी अर्धवट वळली, नयनासारखी मध्येच रेंगाळली, नयनासारखे तिने खांदे उडवले. बोलणं कधी थांबलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही. नाचणं तेवढं चालू राहिलं.

आणि मग एकदम तिला जाणवलं. टाचेचा आवाज येत नव्हता. चुटकी वाजत होती, आणि प्रत्येक चुटकीला तिचा खांदा आधीच तिथे हजर होता. अंग हलकं झालं होतं. लहानपणी पहिल्यांदा घुंगरू बांधले तेव्हा झालं होतं तसं.

समोर मास्तरांची मान डोलत होती.

ती थबकली. चुटकीही थांबली.

"हे... हे माझं नाही, मास्तर. मी तिची नक्कल केली."

"हो."

"थट्टा करत होते मी."

"हो."

"तरी तुम्ही..."

मास्तरांनी वर केलेला हात खाली घेतला.

ऋजुता तिथेच जमिनीवर मटकन बसली. ओढणी तोंडाला लावून रडली. खूप वेळाने म्हणाली, "जळते मी तिच्यावर. ती हसली तरी माझ्या पोटात आग पडते. आयुष्यभर मी पाय झिजवले आणि ही काल आली... देवाने तिला का द्यावं हे? आणि ती इतकी चांगली वागते माझ्याशी, त्याचाही राग येतो."

मास्तर तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"सोलो तिचाच का?" तिने विचारलं.

"तिचाच."

"आणि मी?"

"तिच्या बरोबर मागे."

"तिथून तर मला तीच दिसत राहणार!"

"हो."

ऋजुताने डोळे पुसले. उद्यापासून येत नाही, असं ती मघाशी म्हणाली होती. आता ते शब्द तिच्या तोंडून निघेनात. अंगात ती चुटकी अजून वाजत होती.

कथकच्या वर्गात काही नवं हाती लागलं की गुरूच्या पाया पडायचं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. ती उठली आणि मास्तरांच्या पायांशी वाकली.

मास्तरांनी पाय चटकन मागे घेतले.

"माझ्या नको."

"का?"

"हे मी नाही शिकवलं."

जिन्यावर पावलं वाजली. दारात नयना उभी राहिली, घामाने केस कपाळाला चिकटलेले, हातात ऋजुताची विसरलेली पाण्याची बाटली.

"वहिनी, येताय ना? मी केव्हाची खाली थांबलेय. अय्या, रडलात की काय?"

ऋजुता अर्धी वाकलेली तशीच राहिली. तिने नयनाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. तिचा आवाज अगदी खाली आला.

"मास्तर, काहीतरीच काय! ती धाकटी आहे माझ्याहून. थोरली कधी धाकट्या जावेच्या पाया पडते का?"

मास्तरांनी पंख्याचं बटण बंद केलं.

"पायांना कुठे माहीत असतं ते?"