मुनशीचा ओटा

खारकोंडच्या खाडीच्या मुखाशी काळ्या दगडाचा एक ओटा आहे. वर छप्पर नाही, शेजारी झाड नाही, तोंड पश्चिमेला. बाहेरून आलेली माणसे फोटो काढायला हमखास त्यावर चढून बसतात. मग जन्मभर जहाजावर सारंग म्हणून राबलेले दाऊदचाचा चौगुले टपरीवरून ओरडतात, "तिथं नको! खाली बसा. ती जागा मुनशीची हाय." कोण मुनशी, असे कुणी विचारले की मात्र म्हाताऱ्याचा राग निवतो आणि ते सांगायला लागतात.

मुनशी म्हणजे त्यांच्याच घराण्यातला कमालुद्दीन. गोऱ्यांच्या अमदानीतली गोष्ट. त्याचे वाडवडील सागवान घेऊन अरबांच्या किनाऱ्याला जात, त्यामुळे चौगुल्यांच्या पोराला अरबी बोलता येते याचे इथे कुणाला नवल नव्हते. कमालुद्दीनला ती लिहिताही येई. म्हणून मुंबईला सरकारात दुभाष्याची, म्हणजे मुनशीची नोकरी लागली, आणि तिकडच्या शेखांशी तह करायला निघालेल्या एका जहाजावर त्याला चढवले.

ज्या बंदराला ते जहाज लागले त्याचे नाव आता कुणालाच सांगता येत नाही. ऐंशीएक घरे, पाण्याला लागून मातीची गढी, आणि हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. शेखाचे नाव मुतलक. माणसे मोती काढून पोट भरणारी, पण शेखाकडे तोफा बसवलेली पाच गलबते होती आणि ती सरकारच्या डोळ्यांत सलत होती. कमालुद्दीनला उतरल्या उतरल्या ताप भरला. आठ दिवस तो शेखाच्या घरात पडून होता. शेखाची म्हातारी आई उशाशी बसून त्याला खजुराचे पाणी पाजायची आणि 'माझ्या लेका' म्हणायची, असे सांगतात.

तो उठून बसल्यावर तह वाचला गेला. शेखाने गलबते जाळून टाकायची, दुसऱ्या कुठल्या राज्याशी बोलणे करायचे नाही, वीतभर जमीन कुणाला द्यायची नाही. बदल्यात समुद्रावरून त्याच्यावर कुणी चालून आले तर सरकार त्याला राखील. कमालुद्दीनने अक्षरन् अक्षर बरोबर सांगितले. शेख काही भोळा नव्हता. तो म्हणाला, "माझे वैरी वाळवंटात आहेत आणि त्यांचा डोळा विहिरीवर आहे. ते आले की आम्ही बायकापोरे गलबतात घालून निघून जातो, म्हणून आजवर जगलो. गलबते जाळली आणि ते जमिनीवरून आले, तर?"

कमालुद्दीनने प्रश्न तह करायला आलेल्या गोऱ्या साहेबापुढे ठेवला. साहेबाने घड्याळ पाहिले, कारण ओहोटीच्या आत जहाज काढायचे होते. "सांग त्याला, सरकार त्याचे मित्र आहे," तो म्हणाला.

इथेच घात झाला. साहेबाचे बोलणे हवेतले होते, पण कमालुद्दीनच्या ओठांवर गावचा शब्द आला. त्या काळी खारकोंडात कुणाचे घर जळाले, कुणाची होडी बुडाली, तर माणसे दारात येऊन दोनच शब्द म्हणत, "आमी हाव." आम्ही आहोत. ते एकदा तोंडातून गेले की माणूस मागे हटत नसे, स्वतःच्या घराचे वासे काढून द्यावे लागले तरी. त्या भल्या माणसाने अरबीत तेच सांगितले, "ते म्हणतात, आम्ही आहोत."

"हे तू तुझ्या तोंडाने म्हणतोस?" शेखाने विचारले.

"म्हणतो."

शेखाने कागदावर शिक्का उठवला आणि भर दुपारी आपल्या हाताने पाचही गलबतांना आग लावली. कमालुद्दीनला मुंबईत शाल मिळाली. आपण एक चांगले काम केले, असे त्याला तीन वर्षे वाटत होते.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात वाळवंटातली टोळी आली आणि विहीर गेली. योगायोगाने सरकारचे जहाज जवळच फिरत होते आणि कमालुद्दीन त्यावर होता. ते बंदरात शिरले तेव्हा गढीचे समुद्राकडचे दार उघडून सगळे गाव वाळूवर धावत आले. बायका ओढण्या हलवत होत्या. कमालुद्दीनचा ऊर भरून आला. मग एका डोंगीतून शेख स्वतः जहाजावर आला, आणि कप्तानाने कागद उघडून सातवे कलम दाखवले. त्यात समुद्र होता, जमीन नव्हती. हे भांडण जमिनीवरचे, सरकार त्यात पडणार नाही.

कमालुद्दीनने हात जोडले, निदान पोरेबाळे तरी जहाजावर घ्या म्हणाला. हुकूम नव्हता. हेही त्यालाच अरबीत सांगावे लागले. शेखाने कप्तानाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो म्हणे कमालुद्दीनला एवढेच म्हणाला, "तू तापात होतास तेव्हा, तुला कुठवर पाणी पाजायचे, असे माझ्या आईने विचारले नव्हते." आणि डोंगीत उतरून परत गेला. कमालुद्दीन त्याच्या मागे उडी टाकायला धावला, तर खलाशांनी त्याला धरून ठेवले.

दोन महिन्यांनी जहाज पुन्हा तिथे गेले. विहिरीवर दुसरीच माणसे पाणी भरत होती. गढीत कुणी नव्हते. सरकारला आता या नव्या लोकांशी तह करायचा होता, कागद तोच, कलमे तीच, फक्त नाव बदलायचे. वाचायला कमालुद्दीनला उभे केले. त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही. त्यानंतर त्याने अरबीचा एक शब्द उच्चारला नाही, म्हणतात.

तो गावी परतला, हा ओटा बांधला, आणि सकाळपासून मावळतीपर्यंत तिकडे तोंड करून बसू लागला. काही वर्षांनी त्याची बायको वारली. शेजारी रिवाजाप्रमाणे दारात आले आणि म्हणाले, "कमालभाय, आमी हाव." तसा तो ओरडला, "कुठवर? कुठवर हाव तां सांगा!" शेवटी एक शेजारी चाचरत म्हणाला, "कबरीपर्यंत." "मग तेवढाच बोल," कमालुद्दीन म्हणाला आणि ढसढसा रडला.

आजही खारकोंडात कुणी कुणाला 'आमी हाव' म्हणत नाही. मयताच्या घरी माणूस 'कबरीपर्यंत येतो' म्हणतो, 'चार दिवस भाकरी पाठवतो' म्हणतो, आणि तेवढे करतो. बाहेरच्यांना हे कोरडे वाटते. गावची पोरे अजून त्याच किनाऱ्याला नोकरीला जातात. दाऊदचाचांचा धाकटा मुलगा निघाला तेव्हा त्याने एस.टी.त पाय ठेवता ठेवता विचारले होते, "माय, तिकडं काय झालं तर?" आईच्या ओठांवर ते दोन शब्द आले होते. ते गिळून ती म्हणाली, "थांब्यापर्यंत हाय मी." त्याला सात वर्षे झाली. पोराचा पत्ता नाही, पत्र नाही, फोन नाही. म्हणायला हवे होते, खोटे तर खोटे, पोर धीराने तरी गेले असते, असे ती माउली रोज म्हणते, आणि दाऊदचाचा उठून टपरीवर येतात, ओट्यावर कुणी बसले तर नाही ना ते बघायला.