काळ्या ऑइलचा राजद्रोह

टेंभुरगडच्या राजाला दोन गोष्टींचा भारी गर्व. एक, आपले डिझेल ट्रक आणि दुसरी, आपली स्वच्छता. "आमच्या अंगाला मळ शिवत नाही," असं तो भर दरबारात सांगे.

एकदा त्याने ट्रकचं ऑइल पाहिलं. ओतताना सोनेरी असलेलं ऑइल आठवड्यात काळंकुट्ट झालेलं!

"हा राजद्रोह आहे!" राजा गरजला. काढलेल्या काळ्या ऑइलच्या पिंपाला बेड्या पडल्या आणि ते ऑइल निवडणारे ट्रकांचे मिस्त्री भुजंगराव शेजारच्या कोठडीत गेले. "दिवाळी झाली की दोघांनाही सुळावर द्या. मग ट्रकांत साजूक तूप ओता!"

"महाराज, इंजिनं बसतील हो!" भुजंगराव आतून ओरडले. ऐकतो कोण?

नरकचतुर्दशीच्या पहाटे थोरल्या बहिणीने, आक्कासाहेबांनी, राजाला तेल-उटणं चोळून न्हाऊ घातलं. राजा नटूनथटून दरबारात आला, तर समोर बेड्या घातलेलं घंगाळ! आत काळं पाणी.

"आक्कासाहेब, हे काय?"

"राजद्रोही पाणी, महाराज. ओतलं तेव्हा काचेसारखं होतं. तुमच्या अंगावरून उतरलं आणि बघा! द्या सुळावर."

"अहो, पाण्याचा काय दोष? तो तर आमचा..." राजाने जीभ चावली.

"मग इंजिनाची काजळी पोटात घेणाऱ्या ऑइलचा तरी काय दोष? मुदत झाली की ते बदलायचं असतं, सुळावर द्यायचं नसतं."

राजाने मुकाट्याने ऑइल सोडलं, भुजंगरावांनाही सोडलं. पाण्याला मात्र जन्मठेप झाली. ते बाहेर कुणाला दिसणं राज्याच्या हिताचं नव्हतं!