चार जिभांची आमटी

“एक पातेलं, एक आमटी! आणि उद्या दुपारी ती आम्हा चौघांनाही आवडली पाहिजे!” राजेसाहेब ताट सरकवून गरजले. “नाहीतर भैरोजी, परवापासून तुमचा मुक्काम हत्तीखान्यात. शेण उचलायला!”

भैरोजी म्हणजे मीच. वीस वर्षं राजवाड्याचा आचारी. माझ्या आमटीची ख्याती मोठी होती हो! मी ती रांधली की अर्ध्या राजवाड्याला नेमका त्याच दिवशी उपास आठवायचा.

राजेसाहेबांना आमटी हवी आंबट, राणीसाहेबांना गोड, आईसाहेबांना भरपूर लसणाची. आणि दिवाणजींना अशी तिखट, की कानांतून धूर निघावा! आजवर मी चौघांचं सगळं एकाच पातेल्यात ओतत आलो होतो, आणि चौघंही एकदिलानं तोंड वाकडं करत होते.

घरी आलो आणि कपाळाला हात लावून बसलो. बायको, गोदा, चुलीपुढे होती.

“हत्ती लाथा मारतो का गं?” मी विचारलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, “अहो, आपल्या घरात सात माणसं, सात तऱ्हा. माझ्या आमटीवरून कधी कुणी ताट सरकवलंय?”

“छे! तुझ्यापुढे कुणाची टाप आहे?”

“उद्या मी येते. तुम्ही फक्त चूल फुंका.”

दुसऱ्या दिवशी गोदानं तूरडाळ हळद-हिंग घालून मऊसूत शिजवली, घोटली, बेतानं मीठ घातलं आणि वरून तुपातली मोहरी-जिऱ्याची फोडणी दिली. चर्र! वासानं पहारेकरी भाले टाकून खिडकीशी आले. मी सवयीनं मसाल्याचा डबा उचलला, तर तिनं पळीनं माझ्या हातावर फटका मारला.

“खबरदार! हात लावायचा नाही!”

पंगत बसली. गोदानं आमटी वाढली आणि प्रत्येकाच्या ताटात डाव्या बाजूला चार वाट्या मांडल्या. चिंचेचा कोळ, गूळ, तळलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा.

“हे काय?” राजेसाहेबांच्या भुवया चढल्या.

“सरकार, आमटी अजून व्हायचीय. शेवटचा हात ज्यानं त्यानं लावायचा.”

“मग आचारी कशाला ठेवलाय?”

“जीभ आपली, सरकार! तिला काय हवं ते ह्यांना वीस वर्षं उमगलं नाही, आज कुठून उमगणार?”

मी मान डोलावली. खोटं काय होतं त्यात?

चौघांनीही मनसोक्त हात चालवला. राजेसाहेबांनी इतका कोळ ओतला की त्यांचा एक डोळाच मिटला. तरी म्हणाले, “वा! फक्कड!”

राणीसाहेब म्हणाल्या, “झकास!” आईसाहेबांनी दुसरी वाटी मागितली. दिवाणजींच्या डोळ्यांतून तर धारा लागल्या होत्या.

“दिवाणजी, तिखट जास्त झालं ना?” राजेसाहेबांनी विचारलं.

“छे छे! अगदी बेताचं!” दिवाणजी नाक पुसत म्हणाले.

राजेसाहेब गोदाकडे वळले. “बाई, हे काय चेटूक आहे? आमचे दात आंबलेत, दिवाणजींचे कान पेटलेत, तरी आमटीला नावं कुणीच कसं ठेवत नाही?”

गोदानं पदर सावरला. “सरकार, ह्यांच्या हाताला नावं ठेवणं सोपं होतं. आपल्या हातचं कोण वाईट म्हणेल?”

राजेसाहेब पोट धरधरून हसले! गळ्यातला कंठा काढून त्यांनी गोदाला दिला, वर अख्खा मुदपाकखाना तिच्या हवाली केला.

आणि मी? माझा हत्तीखाना टळला. गोदाच्या हाताखाली मी आता लसूण सोलतो. फार सुरेख सोलतो हो, विचारा कुणालाही!